दोराचं दुसरं टोक

बाबा सगळ्या जगाशी बोलतात, फक्त आमच्याशी नाही. हे मला आधीही माहीत होतं, पण सलग तीन दिवस त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवल्यावर ते डोक्यातच गेलं.

ताई शनिवारी दुपारी कायमची परदेशी निघाली होती. तिने फोनवर निक्षून सांगितलं होतं, की लग्नाला का आला नाहीत ते बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणावं. ते जमणार नसेल तर निरोप द्यायला येऊच नये. त्या लग्नाला नऊ वर्षं झाली. चौतीस वर्षं ट्रक चालवलेल्या या माणसाचा एक नेम होता. बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली की थांबायचं आणि ती सुरू होईपर्यंत हलायचं नाही. लेकीच्या लग्नाला येतानाही तो मोडला नाही. रस्त्यावरच्या लोकांसाठी ते देवमाणूस, आणि आम्ही मात्र हॉलच्या दाराकडे डोळे लावून बसलो.

त्यांना आता मोतीबिंदू झालाय, म्हणून गाडी माझ्या हातात. कुठे जेवायचं ते मात्र तेच ठरवणार. पहिल्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या बाईंनी अंडी-पाव पुढे ठेवत विचारलं, तू धाकटी ना, गणितात नापास होऊन माळ्यावर लपलेली? पुढच्या गावातल्या पंक्चरवाल्याला माझं लग्न कुणी आणि का मोडलं ते इत्थंभूत ठाऊक. मी दात दाखवून हसले आणि आतून धुमसत राहिले. घरात हाच माणूस ‘जेवलीस का’च्या पुढे कधी गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशीच्या हॉटेलाचा मालक चांगला आडदांड होता, बाबा त्याला पहिलवान म्हणत. माणूस प्रेमळ. स्वतः वाढत होता, नको म्हटलं तरी ताटात टाकत होता. वाढता वाढता त्याने दाराजवळच्या बाकाकडे बोट केलं. म्हणाला, मोठीच्या लग्नादिवशी तुझा बाप इथे बसून ढसाढसा रडला. ज्याच्यासाठी थांबला होता, तो बंद पडलेला ट्रक दुपारीच सुरू झाला होता. मी त्याला म्हटलं, ऊठ, रात्रीच्या जेवणाला तरी पोचशील. हा काही उठला नाही.

म्हणजे पोचता येत होतं. गाडीत बसल्यावर मी फुटलेच.

“हे पहिलवानाला सांगता येतं, मग ताईला का नाही?”

“पहिलवानाने तोंड फिरवलं, तर मी पुढच्या हॉटेलात जेवेन,” बाबा म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. दहा मिनिटांत रस्त्याकडेला एक टेम्पो दिसला, बॉनेट उघडं. बाबा म्हणाले, थांब. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तो दिसेनासा होईपर्यंत ते मान वळवून बघत होते. बघू दे, म्हटलं मनात.

शनिवारी सकाळी ताईच्या दारात सामानाचा ट्रक भरून तयार होता. ताईने बाबांना पाणी दिलं आणि समोर बसून वाट बघत राहिली. बाबांनी विचारलं, खोकी पावसात भिजणार नाहीत ना? मग विचारलं, तिकडे थंडी फार असते का?

“आणखी काही?” ताई म्हणाली.

“नाही.”

ती उठून खाली गेली. माझ्या हातातला पेला मी भिंतीवर फोडणार होते, तेवढ्यात बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि पुटपुटले, ताडपत्री अशी बांधतात का? लगोलग तेही जिना उतरले. मी मागोमाग.

त्यांनी दोर सोडवून घेतला, सामानावरून पलीकडे फेकला आणि धर रे म्हणून ओरडले. पलीकडे ड्रायव्हर असेल असं त्यांना वाटलं. ड्रायव्हर ट्रकच्या मागे माझ्या शेजारी उभा होता. दोर धरला ताईने. ड्रायव्हर तोंड उघडणार, तोच मी त्याचा दंड दाबला.

समोर परका माणूस आणि मध्ये ट्रकभर सामान. बाबांची जीभ सुटली.

“नीट ने रे, लेकीचं सामान आहे. हिच्या लग्नाला मी गेलो नाही. पोचलो असतो, रात्र व्हायच्या आत. पण सगळ्यांदेखत उशिरा आत शिरायची लाज वाटली. माझ्या लाजेपायी पोरगी वाट बघत राहिली. चुकलो मी. तिला सांगायला आलो होतो, तर खोक्यांचं विचारून आलो.”

ताई दोर धरून उभी होती. तिने नाक बाहीला पुसलं, गाठ मारली आणि दोराला दोन हिसके दिले.

आमच्या लहानपणी बाबा ट्रक भरत, तेव्हा पलीकडे ताईच असायची. दोन हिसके म्हणजे गाठ बसली. ही खूण त्यांनी तिच्यासाठीच बनवली होती, दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला ती माहीत असायचं कारण नव्हतं.

बाबांचे हात थांबले. मला अजूनही राग येत होता. हेच चार शब्द नऊ वर्षांपूर्वी घरात, तोंडासमोर का नाही बोलले?

बाबांनी दोर हाताला गुंडाळून घट्ट धरला.

“मोठे,” ते म्हणाले, “सैल वाटतोय गं. अजून एकदा ओढ.”