शेंगू माझ्याकडे वळली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. माझ्या पोटात सात मणी आहेत आणि मुठीपाशी माझा लाल रंग उडाला आहे. एका सुताराने मला घडवलं, पण आयुष्य गेलं ते मुलांच्या दवाखान्यात. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं तिथे तपासणीला येत. मोठे डॉक्टर मला बाळाच्या कानामागे वाजवत. बाळाने मान वळवली की कागदावर बरोबरची खूण होई आणि माझं कौतुक होई. मीही जरा चढूनच गेलो होतो.

शेंगू दहा आठवडे आधी जन्मली. शेंगेएवढी बारीक, म्हणून सिस्टरने हे नाव ठेवलं. माझ्या आवाजाला ती लगेच वळे, कुणाच्याही कडेवर हसत जाई. पण आईने हाक मारली तर ढिम्म. मला मात्र एकाच जागी गरागरा फिरवत बसे. आई दर वेळी हे सांगे. डॉक्टर माणूस प्रेमळ, पण उत्तर ठरलेलं: लवकर आलेली मुलं सगळंच उशिरा करतात, वयातून दहा आठवडे वजा करा. घरी आजीचंही तेच. शेंगू तीन वर्षांची झाली तरी ही वजाबाकी काही संपेना.

मग नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला उचललं, तेव्हा आई हळूच म्हणाली, "ती खुळखुळ्याकडे बघते हो. माझ्याकडे नाही बघत."

बाईंनी मला न वाजवताच खणात ठेवलं. मला फार अपमान वाटला. त्या जमिनीवर बसून तासभर शेंगूशी खेळल्या, तिला हाका मारल्या, आईला बारीकसारीक विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. ही स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. तिला शिकवायची रीत वेगळी आहे, ती आजच सुरू करू."

आई रडली. निदान कुणी ऐकलं तरी, एवढंच म्हणाली.

मित्रांनो, तेव्हापासून मी खणातच आहे. वाईट वाटतं, पण त्याहून जास्त लाज वाटते. मी खुणा मिळवत राहिलो आणि माझ्या आवाजात एका आईचं बोलणं तीन वर्षं बुडालं. तुमच्या वर्गात हाकेला ओ न देणारं कुणी असेल, तर त्याला शिष्ट म्हणू नका, जवळ जाऊन बसा. आणि कुणाची आई काही सांगत असेल, तर हातातला खुळखुळा आधी खाली ठेवा.