दोरावरचं वजन

हेल्मीने हातमोजा दातांनी ओढून घट्ट केला, वाकून बर्फावरून माथ्याकडे सरकत जाणारा दोर उचलला आणि हळूहळू मुठीत घेतला. एकदम आवळला तर खांदा निखळतो, हे तिला चालता येऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत शिकवलं गेलं होतं. दोराने तिला ओढलं. पायांना बांधलेली, बर्फावरून घसरायची रुंद फळी किरकिरत चढणीला लागली.

मग मागून हिसका बसला. दोर जड झाला, आणि खाली पत्र्याच्या खोपटातलं, दोर फिरवणारं जुन्या ट्रकचं इंजिन एकदा खोकून पुन्हा लयीत आलं. तिच्या बापाने दोर धरला होता. ती त्याला पा म्हणायची.

"आलं आमचं इस्त्रीचं टेबल!" तो मागून ओरडला. "सगळी वाट अडवून चाललंय."

"तुझ्या पायांतली ती लाकडं आधी संग्रहालयात दे," ती पुढेच बघत म्हणाली.

दोरावर असताना मागे वळायचं नाही, हा टेकडीचा पहिला नियम. दोर स्वतःभोवती पिळत असतो. वळलं की मफलर, बाही, काहीही त्यात गुंडाळलं जातं. दुसरा नियम पाने स्वतः केलेला. माथ्याशी टेकडी अशी काही गोल होते की मागच्याला शेवट दिसत नाही. म्हणून पुढच्याने ओरडून सांगायचं, आणि तोवर मागच्याने हात सोडायचा नाही. वर, दोर ज्यावरून वळून परत खाली जाई त्या चाकाच्या अलीकडे, एक बारीक दोरी आडवी ताणलेली असे. सोडायला विसरलेला माणूस तिला अडला की खटका पडून इंजिन बंद होई.

"वर आलो, सोड!" हेल्मी ओरडली आणि डावीकडे बाहेर पडली. मागोमाग तो आला. मिशांवर दहिवर, डोक्यावर तीच भोक पडलेली टोपी. डिसेंबरचा पहिला रविवार होता. दर मोसमाची पहिली फेरी त्या दोघांची. दोर नीट आहे की नाही ते बघायला. टेकडी गावाची होती, कामं सगळी हौसेची, आणि दोर एनार कोस्कीचा, म्हणजे पाचा.

"मार्चपर्यंत ओढेल," तो सरोवराकडे बघत म्हणाला.

"दोर की तू?"

"दोघंही. तुझं काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरावरचा बर्फ ओढताना तो शिडीच्या पायथ्याशी खाली बसला आणि उठला नाही.

डावी बाजू गेली होती, वाचा गेली होती. उजव्या हाताने मात्र तो हेल्मीचं बोट धरी. एकदम आवळून नाही. आधी सैल, मग घट्ट. डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलं नसल्याचं सांगितलं, त्यानंतरही तो कितीतरी दिवस तसाच राहिला. श्वास घेताना ओल्या लाकडात करवत अडकावी तसा आवाज येई. एका संध्याकाळी नर्स उशी नीट करता करता हलक्या आवाजात म्हणाली, "सांगा त्यांना. आता जा म्हणावं. काही माणसं ऐकायची वाट बघत राहतात हो."

हेल्मीने मान डोलावली. पांघरूण सारखं केलं. मग त्याला सांगितलं की बाहेर बर्फ पडतोय, दोर झाकून ठेवलाय, खोपटातली भट्टी बर्निसने साफ केली. तेवढं एक सोडून सगळं सांगितलं. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याचा श्वास थांबला, तेव्हाही तिचं बोट त्याच्या मुठीत होतं. ते तिला सोडवून घ्यावं लागलं.

दफन झाल्यावर आलेल्या शनिवारी टेकडी उघडायची होती. इंजिन बर्निसने ताब्यात घेतलं. बर्निस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. खोपटात भट्टी पेटवून पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, गरम करायची आणि सगळ्यांना टोमणे मारायची. दोर तपासायला कोणीतरी वर जायला हवं होतं. हेल्मी एकटी गेली.

उतार निम्मा चढून झाला, आणि मागून हिसका बसला.

दोर तिच्या मुठीत जड झाला. खाली इंजिन खोकलं. बर्निसने कोणाला तरी पाठवलं असेल, असं म्हणून ती पुढे बघत राहिली. माथ्यावर बाहेर पडली आणि मग वळली. चढणीवर तिच्या फळीची एकच रेघ होती. दोर मात्र जमिनीला टेकला नव्हता. कोणीतरी कमरेशी धरावा तसा तो अधांतरी वर येत होता. तो उचललेला भाग तिच्यासमोरून पुढे गेला. आडवी दोरी ताणली गेली, खटका पडला, आणि इंजिन बंद झालं. दोरीवरचं दहिवर तेवढं खाली गळत होतं.

"सोडायला कोण विसरलं गं?" खाली आल्यावर बर्निसने विचारलं.

"कोणी नाही. मी एकटीच होते."

"एकटी कशी? इंजिन दोनदा खोकलं." मग बर्निसने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भट्टीकडे वळली. "थंडीने खटका ढिला पडतो. वेलचीचा पाव खा. कालचा आहे, पण दात आहेत ना तुला?"

पुढे सगळा मोसम तेच. लोक आले की दोर साधा दोर होई. पण सकाळच्या पहिल्या फेरीत, ती एकटी असताना, मागून हिसका बसायचाच. हेल्मी गावच्या वाचनालयात काम करायची. मेलेली माणसं दिसतात, त्यांचे आवाज येतात, असं तिने पुष्कळ वाचलं होतं. वजनाबद्दल कोणी लिहिलेलं तिला आठवेना. एकदा ती मुद्दाम पलीकडच्या गावच्या टेकडीवर गेली, एकदा एका शेतकऱ्याने घरामागे दोर लावला होता तिथे. दोन्हीकडे दोर हलका होता. शेतकऱ्याच्या टेकडीवर ती इतक्या सहज वर पोचली की तिला रडू आलं.

मग ती शनिवारची वाट बघू लागली. बर्निसच्या आधी येऊन खोपटाशी उभी राहू लागली. वर पोचल्यावर दर वेळी तिचं तोंड उघडे आणि मिटे. ओरडलं तर तो सोडेल. त्यानंतरचा दोर कसा असेल, ते तिने त्या दोन टेकड्यांवर पाहिलं होतं. ती गुपचूप बाजूला होई, आणि मागे खटका पडे.

फेब्रुवारीत बर्निसने आडवी दोरी बदलली. पंधरवड्यातच पुन्हा बदलावी लागली. तुटलेला तुकडा तिने बोटांत धरून उजेडाकडे केला.

"हे कुजणं नाही," ती म्हणाली. "ही दोरी कोणीतरी दर वेळी छातीवर घेतंय."

हेल्मीने तो तुकडा घेऊन खिशात टाकला. त्या आठवड्यात वारा पडलेला होता, आणि चढताना तिला मागून पहिल्यांदा आवाज ऐकू आला होता. ओल्या लाकडात अडकलेली करवत.

मार्च संपता संपता उताराच्या पायथ्याशी चिखल दिसू लागला. शेवटच्या रविवारी सकाळी बर्निस खोपटाच्या दारात हात पुसत उभी होती.

"आज दोर उतरवायचा. गुंडाळून आत टाकला की डिसेंबरपर्यंत कुलूप." ती थांबली. "उन्हाळाभर आत काळोख असतो गं, हेल्मी."

"माहीत आहे."

"मी कोण बोलणार? मी आपली इंजिन ऐकते. पण तुझ्या बापाने या गावच्या शेंबड्या पोरांनासुद्धा शिकवलं होतं, पुढच्याने काय करायचं ते."

"एक फेरी मारते."

"मार. मी आहे इथे."

हेल्मीने हातमोजा दातांनी ओढला. दोर उचलला, आधी सैल, मग घट्ट. फळीखाली ओला बर्फ साखरेसारखा करकरत होता. निम्म्यावर हिसका बसला. खाली इंजिन खोकलं आणि लयीत आलं. मागे करवत सुरू झाली, चढणीबरोबर जड होत गेली, आणि तिला जाणवलं की आपण त्याच लयीत श्वास घेतोय.

माथा गोल झाला. पुढे आडवी दोरी दिसली, नवी, पांढरी. त्यापलीकडे चाक फिरत होतं. मागच्याला यातलं काही दिसत नव्हतं.

ती वळली नाही.

"वर आलो, पा," ती म्हणाली. ओरडावं लागलं नाही. तो अगदी जवळ होता. "सोड."