सगळे डावे पाय

ठसा एवढासाच होता — पाच बोटं, मध्ये तळव्याचा ठिपका, तान्ह्या बाळाने काजळात हात बुडवून कागदावर टेकवावा तसा — आणि तो बघताच गेनर ओल्या गवतात बसल्या बसल्या इतक्या जोरात ओरडली की कुंपणावरचा कस्तूर पक्षी शिव्या देत उडाला.

"आला! आला मेला!"

आणि वळून बघितलं तिने. स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे टेरी चहाचा मग घेऊन उभा असायचा, एक पाय चपलेत, एक अनवाणी… तिथे कोणी नव्हतं. नोव्हेंबरपासून नव्हतं, आता मे आला, तरी मान वळतेच. वळू दे. मान माझी आहे.

पैज तशी फालतू होती. कचऱ्याचे डबे बाहेर ढकलायच्या सकाळी, भर गल्लीत, झोपेतल्या कपड्यांवर लागलेली. तिने नुसतं सांगितलं होतं, हेजहॉगच्या, त्या पाठभर काटे असलेल्या मुठीएवढ्या प्राण्यांच्या, मोजणीत नाव घातलंय, बोगदा आलाय — प्लॅस्टिकचा, तिकोनी, मधे बशीत मांजराचं खाणं, दोन्ही तोंडांशी कोळशाची पूड तेलात कालवून पट्टा ओढायचा, त्याच्यापुढे कागद. रात्री पाहुणा जेवायला येतो, पाय काळे करतो, सही करून जातो.

"हेजहॉग? ह्या गल्लीत?" शेजारचा नेव्हिल म्हणाला. "बाई, ते आता फक्त ग्रीटिंग कार्डावर उरलेत."

"तुझं कुंपण आडवं आल्यावर काय उडून येतील? खाली काँक्रीट ओतून ठेवलंयस, किल्ला बांधल्यासारखं. एक भोक पाड म्हणून टेरीने घसा कोरडा केला."

"आणि मी म्हटलं होतं, नव्या कुंपणाला पाडतो तर मग माझ्या नव्या दातांना पण पाडतो. नाहीतच ते प्राणी, तर भोक कोणासाठी?"

"ठसा मिळाला तर?"

"तर मी पाडतो. माझ्या हाताने, सगळ्यांसमोर. आणि नाही मिळाला तर…" त्याने इकडेतिकडे बघितलं, तिच्या उंबऱ्यावरचं काथ्याचं पायपुसणं त्याच्या नजरेत भरलं. "तर ते पाठीवर बांधायचं आणि टपालपेटीपर्यंत रांगत जायचं. रविवारी दुपारी, लोक चर्चमधून परत येताना."

"नाकाने फुसफुस करत," समोरची ब्रेंडा म्हणाली. ती पंच. शाळेच्या ऑफिसात जन्म गेलेली बाई, तिच्यापुढे भलेभले खरं बोलतात. "आणि गेनर, राणी, बटाट्याचे शिक्के मारलेस तर याद राख."

गल्ली हसली. हसणारच. नेव्हिलच्या टोमॅटोत रबरी साप कोणी सोडला होता? तो रिटायर झाला त्या आठवड्यात — आयुष्यभर लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेऊन पोरांना रडवलेला माणूस — त्याच्या गाडीच्या मागे शिकाऊ चालकाची पाटी कोणी लावली होती, जी घेऊन तो बिचारा थेट समुद्रापर्यंत जाऊन आला? पण ते हसणं मध्येच थांबलं, तिने बरोबर टिपलं ते. कोणाला तरी आठवलं असणार, अरे, हिचा नवरा गेलाय, आणि मग सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले, भिजलेल्या बिस्किटासारखे. नोव्हेंबरपासून ही गल्ली तिच्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलते. ओव्हनमधलं काहीबाही करून आणतात, मासे घालून, बटाटे घालून, आणि दारात उभं राहून म्हणतात, काही लागलं तर सांग हं… काय सांगू? माझ्या बुटात कोणीतरी कस्टर्ड ओता, हे सांगू?

एकटा नेव्हिल शहाणा निघाला. अंत्यविधीच्या दुसऱ्याच आठवड्यात दार ठोठावून म्हणाला, तुझा रेडिओ कमी कर, माझ्या भिंतीतून बातम्या येतात. तेव्हा त्या टकलाचा मुका घ्यावासा वाटला होता तिला. एक तरी धड शत्रू शिल्लक होता.

म्हणूनच भोक हवं होतं, ते त्याच्याकडून जिंकून हवं होतं. मागितलं असतं तर कोणीही दिलं असतं, विधवेला कोण नाही म्हणतं. हवं होतं ते करवत घेऊन, घामाघूम होऊन, तिला शिव्या घालत पाडलेलं भोक. कुंपणापलीकडे त्याची बाग, त्यामागे रेल्वेचा चढ, झुडपं, तिथून पूर्वी संध्याकाळ झाली की यायचे ते. टेरी दिवा मालवून बसायचा आणि अंधारात त्यांचं मचमच खाणं ऐकायचा. "गेनर, तुझ्या आईपेक्षा सभ्य जेवतात गं."

तर, ठसा. आला. मोजणीची शेवटची रात्र, आणि आला.

तिने कागद उन्हाकडे धरला. एक ठसा, दुसरा, तिसरा, तिरकी ओळ धरून छान चाललेले. अंगठ्याकडचं बोट उजवीकडे. पुढच्यातही उजवीकडे. त्याच्या पुढच्यातही…

हळूहळू तिच्या कानशिलांपर्यंत काहीतरी गरम चढत गेलं.

सगळे डावे. पहिल्यापासून शेवटपर्यंत डावे पाय. मागचा पाय लांबुळका असतो, अरुंद, तो तर कुठेच नाही. एकच डावा पुढचा पंजा लंगडी घालत ह्या टोकापासून त्या टोकाला गेलेला. आणि बशी? बशीतलं खाणं जसंच्या तसं, कडेला एक गोगलगाय तेवढी तुडुंब जेवून पडलेली. म्हणजे हा पाहुणा आला, लंगडी घातली आणि भरल्या ताटावरून उपाशी उठून गेला.

कोणी केलं हे… विचार पुरता व्हायच्या आत कुंपणावर डोकं उगवलं. नेव्हिल. हातात कप. आणि कपावरचा त्याचा अंगठा काळा, नखाच्या कडांत तेलकट कोळसा, जो साबणाने जात नाही, तिलाच माहीत होतं किती घासावं लागतं ते.

"काय गं गेनर," तो म्हणाला, "मिळालं का काही?"

त्या आवाजात म्हणाला. दवाखान्यातल्या.

तिला वाटलं बोगदा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. तुला काय पडलंय, मेल्या? कधी विचारलंयस आजवर? मी जिंकले तर तुझ्या पोटात दुखायला हवं, आणि तू तिथे उभा राहून डोळे ओले करून बघतोयस, म्हातारीला जत्रेतला फुगा घेऊन दिल्यासारखा…

"बघतेय अजून," ती म्हणाली, कागद छातीशी घेऊन आत गेली आणि दार इतक्या जोरात आपटलं की खुंटीवरचा टेरीचा कोट खाली पडला. तो तिने उचलला. मग रागाने परत खाली टाकला. मग परत उचलला.

तिने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, चार बटाटे. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. टाचणीने नखंसुद्धा कोरलेली. पैज लागली त्याच संध्याकाळी कोरले होते तिने, हात थांबेनात म्हणून — आणि वापरले नाहीत. रोज सकाळी कोरा कागद बघून फ्रीज उघडायची, बघायची, बंद करायची. माणसांना ती हवं तसं गंडवेल, पाद्र्यालासुद्धा. पण मोजणीला नाही. त्या एका बाबतीत ती आणि टेरी देवळात बसल्यासारखे बसायचे. दर जानेवारीत तासभर खिडकीपाशी, पक्षी मोजायला, आणि एका वेळी डोळ्यांपुढे जितके दिसतील तितकेच धरायचे हा नियम, आणि दर वेळी तोच रॉबिन उडून गेला आणि परत आला की टेरी मुद्दाम ओरडायचा, "परत आला, दोन धरायचे का?" "एकच, गाढवा, नियम आहे!" तास संपला की बागेत उतरून पुन्हा तेच एकमेकांवर खेकसायचे. खेकसायचे, पण लिहायचे एकच. देशभर लोक असेच खिडकीशी बसलेत आणि कोणीतरी ते सगळं जोडून बघतोय, काय उरलंय आणि काय संपत चाललंय, एवढं एक तिच्या टवाळ डोक्याने खरं मानलं होतं. त्यात शून्यसुद्धा लिहायचं असतं. शून्य लिहिताना हात जड होतो, म्हणून तर लिहायचं.

आता हा कागद पाठवला की ह्या गल्लीत हेजहॉग आहे. पाठवला की भोक आहे. नेव्हिल करवत परजून बसलाच असेल, त्याला तेच हवंय, हरायचंय त्याला, माझ्यावर उपकार करत हरायचंय. आणि भोक पडलं की कदाचित खरंच येतील, रेल्वेच्या चढावरून, नाक वर करून… घे ना बाई. कोणाचं काय जातंय? भोक ते भोक.

पण डावे पाय, नेव्हिल! सगळे डावे! एक बटाटा कापलास आणि दुसरा कापायचा कंटाळा केलास? निदान मला फसवण्याइतकी तरी किंमत ठेवायचीस माझी. गल्लीतल्या सगळ्यात नामी लबाड बाईला तू हा माल विकतोस, कारण तुला वाटलं की ती आता बघणार नाही, ती आता फक्त रडते.

तिने कागद चुलीखालच्या खणात सारला. मग काथ्याचं पायपुसणं आपटून आपटून झटकलं.

दुपारी गल्ली जमली. चर्चमधून आलेले, न गेलेले, कडेवरची पोरं. नेव्हिल स्वच्छ शर्ट घालून, करवतीला तेल लावून उभा, आणि चेहरा मिश्किल ठेवायचा त्याचा तो प्रयत्न बघवत नव्हता.

"बोल राणी," ब्रेंडा म्हणाली. "काय निघालं?"

"शून्य," गेनर म्हणाली. "कोरा."

"कसा कोरा?" नेव्हिल बोलून गेला. "कागदावर तर—"

"कागदावर काय?" ब्रेंडाने मान वळवली, शाळेतल्यासारखी. "तुला कसं ठाऊक कागदावर काय ते?"

नेव्हिलने करवत उजव्या हातातून डाव्यात घेतली. मग परत उजव्यात. काळा अंगठा मुठीत लपवला.

"राहू दे गं," कोणीतरी मागून म्हणालं, तेच मऊ, भिजलेलं. "तिला कशाला आता, सोडून द्या, ह्या वर्षी तरी…"

"कोणी सोडायचं नाही!" ती एवढ्याने ओरडली की एक पोर रडायला लागलं. "हरलेय मी. बांध, ब्रेंडा. घट्ट बांध."

दोरी काखेतून गेली, काथ्या मानेत टोचला, आणि ती खाली बसली, हात टेकले, निघाली. कोणी हसेना. रस्ता पंज्यांना टोचत होता, गुडघे ओरडत होते, आणि तिच्या नाकाच्या उंचीवरून गल्ली वेगळीच दिसत होती, कधी दिसली नव्हती तशी — फाटकाची फळी, मग काँक्रीट, मग फळी, मग परत काँक्रीट, खालपर्यंत बंद, एक बोट शिरायला जागा नाही, ब्रेंडाचंही बंद, माझं स्वतःचंही बंद, टेरीनेच लावलेली पट्टी. फुसफुस, ती करत होती. ठरलंय म्हणून करत होती, आणि रागाने आपोआपही होत होती.

नेव्हिलचे बूट आले. चकचकीत. तिथे ती थांबली, मान वर न करता, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच बोलली.

"उजवे विसरलास, गाढवा. हेजहॉगला उजवे पाय पण असतात."

बूट हलले नाहीत. मग तो खाकरला.

"ब्रेंडा," तो गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, आणि आवाज जुना होता, परीक्षेत नापास करणारा, "लिहून घे. हेजहॉग, एक. मादी. जुनं मॉडेल. वळताना हात दाखवत नाही."

पहिलं हसू ब्रेंडाच्याच नाकातून फुटलं. मग गल्लीभर.

"आणि ती पेटीपासून परत आली," नेव्हिल म्हणाला, "तर दोन धरायचे का?"

गेनर तिथेच थांबली, चार पायांवर. हे रस्त्यावरचं नव्हतं. हे बागेतलं होतं, मागच्या बाजूचं, जानेवारीतलं, तिचं आणि टेरीचं. म्हणजे ऐकत होता मेला. इतकी वर्षं, भिंतीपलीकडे, कुंपणापलीकडे, आपले वाफे खणत, त्यांचं सगळं भांडण फुकटात ऐकत होता, आणि पाठ केलं होतं. तिचा राग तिथल्या तिथे उभा राहिला, काटे फुलवून. त्याला चावावं असं वाटलं, बुटावरून, घोट्याला. आणि त्याच वेळी असं वाटलं की तो वाक्य अजून एकदा म्हणेल तर बरं, तसंच, त्याच चालीत.

"एकच!" ती रस्त्याकडे बघत खेकसली. आवाज फाटला. "नियम आहे!"

टपालपेटी अजून लांब होती. तिने नाक ओढलं, ठरलंय तसं, आणि पुढचा पंजा टेकवला. उजवा.