घरचाच माणूस

माझ्या भावजयीचं तोंड लई गोड, अन् त्याच तोंडानं तिनं माझ्या भावाचं मरण फुकट घालवलं. आता ह्यात तिला किती बोलावं अन् त्या अण्णासाहेबाला किती, ते तुम्हीच ठरवा. मी दोघांनाबी सोडत न्हाई.

माझा भाऊ संपत आमच्या गावात, तिकडं भोकरदनच्या अंगाला, अण्णासाहेबाकडं सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं, अन् पुन्हा तेच दार. अण्णासाहेब म्हंजे बंगला, जीप, तालुक्यात वट, ठाण्यात बसऊठ. पण बोलायला गुळाची ढेप. पाव्हणे आले की संपतच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "ह्यो नौकर न्हाई बरं का, घरचाच माणूस!" तेवढ्यावरच आमचं येडं फुगायचं. भाकर मात्र ह्या घरच्या माणसाला गोठ्यात मिळायची. मी म्हणायची, "आरं, घरचा हायेस तर एकडाव ओसरीवर बसून जेव की." तर नुसता हसायचा. त्याची बायको नंदा, तीबी तशीच. कोणी सालगड्याची बायको म्हणलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या माघात रानडुकरं मक्याची नासाडी करून राह्यली होती. अण्णासाहेबानं मक्याभोवती तार ओढली अन् तीत करंट सोडला. तसं करायला बंदी हाये, पण बंदी तुमच्या-माझ्यासाठी. संपत दिवस उगवायला पाणी द्यायला गेला. करंट बंद केलाय म्हणून बंगल्यावरून त्याला सांगितलं होतं. केला नव्हता. माझा भाऊ त्या तारंला चिकटून मेला.

मला बदनापूरला दिलेली. निरोप मिळून, एसटी बदलत येईस्तोवर जमादार जबाब घेऊन गेल्ता. रडणं जरा ओसरल्यावर म्या नंदाला इचारलं, "काय म्हणला गं जमादार?"

"तुमचा नवरा अण्णासाहेबाकडं नौकर होता का, म्हणला."

"मंग?"

"म्या म्हणलं, नौकर कशाचा? घरचाच माणूस."

कपाळावर हात मारला म्या. जमादाराला तेच पायजे होतं. घरचा माणूस, म्हंजे तार त्यानंच ओढली, करंट त्यानंच सोडला, अन् आपल्याच चुकीनं गेला. अण्णासाहेबाचं नावबी कुठं आलं न्हाई.

"अगं भवाने, नवरा मेला तरी तुझा तोरा जाईना!" म्या बोलले. बोलू नये ते बोलले.

ती खाली बघून म्हणाली, "वन्सं, जित्तेपणी कधी नौकर म्हणू दिलं न्हाई त्येन्नी. मेल्यावर म्या कशी म्हणू?"

आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो.

भोकरदनच्या वकिलानं सांगितलं, संपत नोकर होता हे अण्णासाहेब चारचौघांत कबूल झाले तर केस उभी राहील, लेकरांना भरपाई मिळेल. कबूल? तो? सापाला म्हणा दात काढून दे! पण मीबी संपतची थोरली बहीण. त्याच आठवड्यात अण्णासाहेबाच्या पोरीचं, शिवकन्येचं लगीन होतं. आमच्या घरात अजून दहावा झालेला न्हाई, अन् तिकडं मांडवात बँड वाजून राह्यला. म्या पदर खोचला अन् तडक मांडवात शिरले. पहिल्या पंगतीला जमादार बसलेला, ताटात बुंदीचा ढीग.

"अण्णासाहेब, लगीन थांबवा!" म्या म्हणलं. "घरातलं माणूस मेलंय तुमच्या. सुतकात अक्षता टाकता व्हय?"

सगळ्या पंगतीचे हात थांबले. अण्णासाहेबाच्या बायकोचं, प्रभावतीबाईचं, तोंड पांढरं पडलं. नवरदेवाचा बाप उठून उभाच राहिला. "कोण वारलं? आम्हाला कळवलं कसं न्हाई?"

अण्णासाहेब एकदम वरडला, "कोणी न्हाई हो व्याहीबुवा! नौकर होता आमचा. सालगडी. नौकराचं कशाचं आलंय सुतक?"

"पुन्हा म्हणा."

"नौकर होता, नौकर! झालं समाधान? निघ आता!"

देवा शप्पथ सांगते, एवढी शिवी खाऊन मला आनंद झाला. म्या जमादाराकडं वळले. "ऐकलं ना, साहेब? आता लिव्हा."

तो बुंदी चावत म्हणला, "बाई, हे लगीन हाये, ठाणं न्हाई."

"तुम्ही तरी ऐकलं ना?" म्या पंगतीला इचारलं. सगळं आमचंच गाव. रामरावदादानं तर संपतला खांदा दिल्ता. म्या त्याच्याच म्होरं जाऊन उभी राहिले. "दादा, बोल की!" रामरावदादानं मान खाली घातली अन् वाढप्याला म्हणला, "भातावर वरण घाल रे." कोणीतरी बँडवाल्याला खूण केली. दोघांनी माझं बखोट धरलं अन् मला मांडवाबाहेर आणून सोडलं. बळी तो कान पिळी म्हणतात, ते काय उगं न्हाई.

वकिलानं साक्षीला एक तरी माणूस आणा म्हणून सांगितलं. एकबी आला न्हाई.

पाडव्याला म्या नंदाला अन् लेकरांना बदनापूरला न्यायला आले. बघते तर ती लुगडं नेसून, डोकं विंचरून निघालेली.

"कुठं निघालीस?"

"बंगल्यावर. धुण्याभांड्याला बोलावलंय. प्रभावतीबाई सोता आल्त्या."

"काय तोंडानं आली ती?"

नंदानं माझ्याकडं बघितलं न्हाई. "म्हणल्या, परक्यावानी काय करतीस? तू तर आमच्या घरचीच."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण घरात पिठाचा डबा पालथा होता, तो म्या आल्याआल्याच बघितला होता. माझ्या घरीबी काय भरून उतू चाललं नव्हतं.

"मंग जेवायला कुठं बसवणार? ओसरीवर?" म्या इचारलं.

"गोठ्यात," ती म्हणाली, अन् पदर सावरत निघून गेली.