बर्फातली बारावी संकष्टी

हॅरिस साहेबाची शिडाची होडी पस्तीस फूट लांब होती आणि तिच्यात माणसं तीन: खडकीच्या पलटणीतून निवृत्त झालेला साहेब, दोऱ्या ओढायला भोसरीचा हिंदुराव आणि स्वयंपाकाला हिंदुरावाच्या बहिणीचा नवरा, चिंचवडचा सयाजी. १९५२च्या जूनमध्ये ते नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात होते. साहेबाला तिथं काय बघायचं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

दिवस सरळ होता. चार तास सुकाणू, चार तास झोप, मग पंपानं तळातलं पाणी उपसायचं आणि अंगावर येणारा बर्फ बांबूनं ढकलायचा. स्टोव्हवर डाळ शिजे, डाळीच्या वाफेवर मोजे वाळत. सूर्य मावळतच नसल्यामुळे दिवस संपला की नाही, हे घड्याळाला विचारावं लागे.

त्यात संकष्टी आली. सयाजीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. आता त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, सातवा महिना होता. मूल जगावं म्हणून नवराबायकोनं मोरयाला बारा संकष्ट्या बोलल्या होत्या. ही बारावी. चंद्र बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही.

रात्रीचे दहा वाजले, दोन वाजले. सूर्य होता तिथंच, चंद्राचा पत्ता नाही. दुसऱ्या सकाळी सुकाणूवर सयाजीचा डोळा लागला आणि बैलगाडीएवढा बर्फ होडीला घासून गेला.

साहेबानं शिवी दिली नाही. तो आपलं दर्यावर्दी पंचांग घेऊन आला. आजच्या रकान्यात काळा चौकोन होता.

"चाँद नीचे है, सयाजी. दो दिन ऊपर नहीं आएगा."

"मग दोन दिस थांबतो, साहेब."

"दाजी, तुमच्या हातात सुकाणू ऱ्हाईना," हिंदुराव म्हणाला. "आपुन बुडालो तर मोरयानं काय करायचं?"

"ते त्यो बघंल. बारावी मोडायची न्हाई."

"साहेब, ह्यात आमच्याकडचा चंद्र हाय का बघा की," हिंदुराव म्हणाला.

साहेबानं पान उलटलं, बोटांवर हिशेब केला. होडीच्या घड्याळानं काल दुपारी साडेचारलाच, म्हणजे तिकडच्या रात्री दहाला, चिंचवडात चंद्र उगवला होता.

"तिकडचा मला कसा चालंल? मी हितं हाय."

"तुमचं ऱ्हाऊ द्या. दुर्गी तुमच्या आधी कधी जेवलीया?"

सयाजी जेवून उठल्याशिवाय दुर्गाबाईनं सात वर्षांत घास घेतला नव्हता.

"म्हंजी कालपास्नं उपाशी?"

"पोटुशी बाई. आन् तुमी हितं चंद्र हुडकताय."

तो जेवला हे दुर्गाबाईला कसं कळणार, हा प्रश्न होडीत कुणालाच पडला नाही. साहेबालाही नाही, स्टोव्ह त्यानंच पेटवला.

सयाजीनं दक्षिणेकडं, चिंचवडच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि डाळभात भराभरा संपवला. हिंदुरावानं पुन्हा पातेलं पुढं केलं.

"थांब जरा," सयाजी म्हणाला. "तिला जेवू दे."