टेलरबाईंची कात्री आणि मी

घरातल्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना, घरी बनवलेला पट्ट्याचा ग्राइंडर आहे. माझ्या अंगावर कुठल्याही कारखान्याचं नाव नाही. मोटर एका बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची, सांगाडा जुन्या पलंगाच्या लोखंडाचा आणि दोन चाकं प्लायवूडची. त्या चाकांवरून पॉलिशपेपरचा पट्टा गरगर फिरतो आणि पात्यांना धार लावतो.

मला बनवणारे फिटरकाका कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. बाईंची मोठी कात्री त्यांच्या आईची होती. एकदा काकांनी हौसेने ती दगडी चाकावर धरली. पातं तापून निळं पडलं, धारेचं पाणी उतरलं. तेव्हापासून कात्री कपाटात आणि काकांना तिला हात लावायची बंदी! पण थोरल्या लेकीच्या लग्नाचे कपडे बाईंना त्याच कात्रीने बेतायचे होते. "म्हणजे तुझ्या आजीचाही हात लागेल," असं त्या लेकीला म्हणायच्या.

काकांनी ते मनावर घेतलं. दगडापेक्षा पट्ट्यावर पातं कमी तापतं, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारीच, त्यांनी मला उभं केलं. काका हाडाचे फिटर. तिरकं काही खपायचं नाही. त्यांनी माझी चाकं अगदी सपाट केली, पुन्हा पुन्हा गुण्या लावून काटकोन तपासला आणि बटण दाबलं. पट्टा सरकत सरकत कडेला गेला आणि उडून थेट बाईंच्या कापडाच्या ढिगात पडला.

"अहो, कात्रीचा कोळसा करून झाला. आता माझा नंबर का?"

"अगं, थांब जरा. सांगाडा कणभर तिरका असेल."

सांगाडा तिरका नव्हता. पट्टा उडतच राहिला. लग्न तोंडावर आलं, तेव्हा बाईंनी शेजारणीची कात्री मागून आणली आणि टेबलावर ठेवली. काका त्या कात्रीकडे बघायचे आणि मान खाली घालायचे.

बाईंना ते बघवेना. एका दुपारी मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "मी बाही वरून सरळ कापली तर खांद्यावर बसेल का? मधे फुगवटा देते, म्हणून बसते. तुमच्या चाकाला पोटच नाही."

"अगं, हे चाक आहे, बाही नाही!"

"मग बसा उडवत."

मग काकांनी चाक फिरतं ठेवून त्याच्या दोन्ही कडांना कानस धरली. मधे जरासा उंचवटा राहिला. पट्टा चढवला. तो थोडा इकडे झाला, थोडा तिकडे झाला आणि बरोबर मधोमध स्थिर झाला.

"बसली की गं बाही!" काका ओरडले.

बाईंनी कपाट उघडलं आणि कात्री काढून त्यांच्या हातात ठेवली. "पात्याची आतली सपाट बाजू पट्ट्याला लावायची नाही. आणि मी इथेच उभी राहणार."

काकांनी पातं माझ्यावर नुसतं टेकवलं, लगेच पाण्यात बुडवलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा बुडवलं. हळूहळू निळा डाग झिजून गेला. बाईंनी रेशमाची एक चिंधी कापून पाहिली आणि शेजारणीची कात्री परत द्यायला निघाल्या. लग्नाचे कपडे आईच्या कात्रीनेच बेतले.

पुढची वर्षं माझी मजेत गेली. सुताराच्या पटाशा, माळ्याचे कोयते, गल्लीतल्या सगळ्या सुऱ्या माझ्याकडे यायच्या. काम संपलं की काका पट्टा सैल करायचे आणि मला म्हणायचे, "आता टेक जरा."

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. माझ्यावर चादर पडली. पट्टा ताणलेलाच राहून गेला आणि एक दिवस जोडावर तुटला. धूळ खात मी बरेच दिवस उभा होतो. शेवटी बाईंनीच चादर काढली, तेल दिलं, नवा पट्टा चढवला. काका खुर्चीत बसून सूचना द्यायचे आणि बाई त्यातल्या निम्म्या ऐकायच्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी कामाचं असेल. त्याच्याकडून भरपूर काम घ्या, आम्हाला ते आवडतं. पण काम झालं की धूळ पुसा आणि ताण सैल करा.

आता संध्याकाळी माझा पट्टा टेलरबाई सैल करतात. धाकट्या लेकीला मुलगी झाली, त्या हिवाळ्यात फिटरकाका वारले.