घातलं तेवढं परत

आमच्या खात्यात मला बादलीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं ऐकायला मला कान आहेत. कारखान्यांनी जमिनीत खोल बोअर मारून आपलं विषारी सांडपाणी खाली सोडायचं, आणि ती बोअर धड आहे की नाही ते आम्ही तपासायचं, असं आमचं काम. बाकीचे तपासनीस येताना पेन आणतात, मी बादली आणते. हसणाऱ्यांनी हसावं, दात त्यांचे आहेत.

एका सकाळी मोठ्या साहेबांनी मला बोलावून दादाच्या कारखान्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तिथल्या बोअरवर तो सुपरवायझर आहे, कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहतो, आणि आमची आई त्याच्याकडे असते.

"साहेब, तिथे माझा भाऊ आहे. नियमाने मला तिथे पाठवता येत नाही," मी म्हटलं.

"माणसं कुठे आहेत आपल्याकडे? आणि तुमच्या घरचंच काम आहे. जा, आईला भेटा, जेवा, या."

साहेब इतके मायाळू कधीपासून झाले, हे मला लगेच कळलं. बोअर नापास झाली की त्याच दिवशी पंप बंद. पंप बंद म्हणजे कारखाना बंद, आणि दादाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही गेलं. बहीण काही भावाच्या पोटावर पाय देणार नाही, असं गणित मांडलेलं होतं. गणित अगदीच खोटं होतं असं नाही. माझा दादावर जीव आहे. पण माझ्या मायेवर दुसऱ्या कुणी आपली पोळी भाजायची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"जाते," मी सगळ्या ऑफिससमोर म्हटलं. "पण मग जे निघेल ते निघेल. नंतर घरचं काम आहे म्हणून माझ्या दारात यायचं नाही."

बोअरचं काम कळायला फार डोकं लागत नाही. नळीत नळी असते. आतल्या नळीतून घाण पाताळात जाते. आतल्या आणि बाहेरच्या नळीच्या मधली पोकळी साध्या पाण्याने भरून दाबाखाली ठेवतात. दोन्ही नळ्या धड असतील तर दाब टिकतो. कुठली एक फुटली तर दाब उतरतो, आणि वरच्या थरात जे लोकांचं पिण्याचं पाणी आहे त्याचं काय होईल ते सांगायला नको. चाचणी म्हणजे पोकळीत आणखी पाणी दाबून दाब वाढवायचा, तासभर गेजचा काटा बघायचा, काटा जागेवर राहिला की पास. लिहिलेला नियम इथे संपतो.

माझा नियम त्यापुढे अर्धं पाऊल जातो. तास संपला की दाब सोडताना ते पाणी मी बादलीत धरते. तीन बादल्या आत घातल्या असतील तर तीन, निदान पावणेतीन तरी परत आल्या पाहिजेत. घातलं तेवढं परत. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही, दादाने शिकवलं. मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाला होता, "काट्याला फसवता येतं गं, पाण्याला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी पोहोचले तेव्हा तो पंपशेडच्या दारातच उभा होता. केस बरेच पांढरे झाले होते.

"आणलीस का तुझी ती सवत?" बादलीकडे बघून तो म्हणाला.

"माझ्या माहेरचीच आहे," मी म्हटलं. दोघं हसलो, पण त्याचं हसू लवकर आटपलं.

मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. इथली पद्धत अशी की एकदा दाब चढवला की तपासनीस साहेबांना केबिनमध्ये गार हवेत बसवायचं, चहा पाजायचा, आणि तास संपला की काटा दाखवायला आणायचं. "चला मॅडम, इथे वास येतो," तो म्हणाला. वास येत होता खरा, जळक्या रबरासारखा, घशात बसणारा.

"वासाचाच मी पगार घेते," मी म्हटलं, आणि बादली उलटी करून गेजसमोर तिच्यावर बसले.

दादाने पाणी दाबलं. तीन बादल्या आत गेल्या, मी मोजल्या. मग तो व्हॉल्व्ह एकामागून एक बंद करत गेला. दुसरा कुणी असता तर मी त्याच्या हातांकडे बघितलं असतं, तोच माझा शिरस्ता आहे. पण ते हात दादाचे होते. त्यांनी मला सायकल धरून चालवायला शिकवलेली. म्हणून मी काट्याकडे बघत बसले, आणि तिथेच माती खाल्ली.

तासभर काटा हलला नाही. म्हणजे अजिबात हलला नाही. बोअरचा पंप चाचणीपुरता बंद होता. तरी शेजारचं मोठं मशीन चालू झालं की सगळं शेड थरथरायचं, पण काटा आपला फोटोत काढल्यासारखा. धड बोअरचा काटासुद्धा जरा श्वास घेतो.

"वा, पास," मॅनेजर म्हणाला. "चला, चहा आता तरी?"

"दाब सोड," मी दादाला म्हटलं, आणि बादली सुलटी करून पाणी सोडायच्या खालच्या कॉकखाली धरली.

दादाने कॉक उघडला. एक फुसकी पिचकारी आली, थोडं पाणी ओघळलं आणि थांबलं. बादलीचा तळसुद्धा नीट भिजला नाही. मी उठून गेजखालचा छोटा कॉक बघितला. तो बंद होता. दाब चढल्याबरोबर तो कॉक बंद केलेला, म्हणजे काटा बोअरचा दाब दाखवतच नव्हता. त्या वीतभर नळीत कोंडलेला दाब दाखवत होता. खाली बोअर गळत होती आणि वर काटा ध्यान लावून बसला होता.

मी दादाकडे बघितलं. तो हातातल्या फडक्याने पाना पुसत होता, आणि पाना मुळात स्वच्छ होता.

"पुन्हा चाचणी घ्या," मी मॅनेजरला म्हटलं. "आत्ता, कॉक उघडा ठेवून."

"कसला कॉक मॅडम? तो चाचणी संपल्यावर बंद केला. नेहमीच करतो." त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे मोठे साहेब होते. चोरावर मोर म्हणतात ते असे.

"काटा हलला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही हलला, पण..."

"मग पास. बादली नियमात नाही. तुम्हाला सही करायची नसेल तर नका करू, मी इथून करतो. काटा हलला नाही हे तुम्हीच सांगितलंत."

"कॉक बंद होता, साहेब."

"बघितलं कुणी बंद करताना? संध्याकाळच्या पाळीला पंप सुरू होईल. या परत."

फोन बंद झाला. मॅनेजर माझ्याकडे बघून असा हसला की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दाब आम्ही सोडून टाकलेला, त्यामुळे काट्याचा पुरावाही गेला होता. आता एकच गोष्ट उरली होती. ज्याने कॉक बंद केला त्याने तसं म्हणायचं.

मॅनेजर केबिनमध्ये गेल्यावर मी दादाला म्हटलं, "तू सांग. नुसतं एवढंच सांग की आधी बंद केला होता. बाकी मी बघते."

"तू बघशील," तो म्हणाला. "आणि मी आईला घेऊन कुठे जाऊ? रस्त्यावर? या वयात मला कोण कामावर ठेवतंय? माझे हात दगडाखाली आहेत, तुला कळायचं नाही."

"बादली मला तूच शिकवलीस. मला वाटलं होतं तू बादली येणार म्हणून तरी असं करणार नाहीस."

"मला वाटलं तू माझ्यासाठी एक दिवस बादली विसरशील," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून शेडमध्ये गेला.

मला रडू आलं असतं, पण राग जास्त होता. संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी बादली तिथेच टाकली आणि क्वार्टरकडे निघाले. म्हटलं वहिनीला सांगू, आईला सांगू, कुणाचं तरी तो ऐकेल.

आई पलंगावर बसली होती. वहिनीने मला बघून आधी पंख्याखाली बसवलं. "किती लाल झालात, वन्सं. पाणी घ्या." तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून एक मोठा कॅन तिरका केला आणि पेल्यात पाणी ओतलं. मागे आणखी कॅन रांगेने उभे होते.

"हे काय? नळ गेला का?"

"नाही, नळ आहे की बाहेर चौकात, सगळ्यांचा, इथल्याच विहिरीचा. पण ते आम्ही भांड्या-कपड्यांना वापरतो. प्यायला हे शहरातून आणतात, उन्हाळ्यापासून." मग आवाज उतरवून म्हणाली, "शेजारी बोलू नको म्हणालेत. उगाच लोक नावं ठेवतात."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. वहिनीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला खरंच काही माहीत नव्हतं. नवऱ्याला शहरातल्या पाण्याची चव आवडते, एवढंच तिच्या डोक्यात.

दादा माझ्या मागोमाग आलाच होता. दारात उभा राहून त्याने ते ऐकलं.

"उन्हाळ्यापासून?" मी विचारलं. "आणि बाकीच्यांचं काय?"

बोलली आई. ती दिसायला मऊ आहे, पण तिचं काही मऊ नाही.

"अरे, शेजारच्या काकूंची सून पोटुशी आहे," ती दादाला म्हणाली. "काकू तिला नळाचं पाणी उकळून देतात. काल मलाच विचारत होत्या, किती वेळ उकळू म्हणून. उकळलं की जातं ना रे ते, जे काय आहे ते?"

दादाने चौकटीला हात लावला. सांडपाण्यातलं जे आहे ते उकळून जात नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. आईने पुन्हा विचारलं, "जातं ना?"

"नाही," तो म्हणाला.

मी पेला खाली ठेवला. "हे मला सांगून उपयोग नाही," मी म्हटलं. "मी बाहेर जाऊन ओरडले तर बादलीबाईला वेड लागलं म्हणतील, आणि संध्याकाळी पंप सुरू होईल. पंप फक्त तुझ्या तोंडाने बंद होतो. आणि ऐक, तू नाही बोललास तर मी तुझ्यावर वरच्या ऑफिसात तक्रार करणार, साहेबांवर पण करणार, आणि तुझ्या घरी पुन्हा पाणीसुद्धा पिणार नाही. मला भाऊ आहे असं कुणाला सांगणार नाही."

"इतकं?" दादा म्हणाला.

"इतकंच."

वहिनी भिंतीला टेकली होती. तिला आता सगळं उमगायला लागलं होतं. "माझ्या मुलांना कॅन आणि त्यांच्या मुलांना नळ?" ती हळू म्हणाली. "आणि मी रोज त्यांच्या दारात गप्पा मारत बसते. अहो, मला का नाही सांगितलंत?"

दादाने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. माझ्याकडे बघितलं नाही. वळला आणि चौकाकडे चालू लागला. मी मागे गेले, वहिनी माझ्या मागे.

नळावर पाण्याची वेळ होती. बाया रांगेत उभ्या, पुढे काकू, नळाखाली त्यांचं मोठं पातेलं अर्धं भरलेलं. कारखान्याच्या फाटकातून मॅनेजर झपाझप येत होता. कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

दादाने हात घालून नळ बंद केला.

"अहो, भरू द्या की," काकू म्हणाल्या. "माझा नंबर आहे."

"नको काकू. ओता ते."

"सुपरवायझर, ऑफिसात ये," मॅनेजर लांबूनच म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर क्वार्टर खाली करायला घे."

"करतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, पण रांगेच्या शेवटपर्यंत ऐकू जात होता. "बोअर फुटली आहे. दाब उन्हाळ्यापासून उतरतोय. आज बहीण तपासायला आली तेव्हा मी गेजचा कॉक आधीच बंद केला, काटा हलू नये म्हणून. मॅनेजर साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता. आमच्या घरी आम्ही हे पाणी पीत नाही. उन्हाळ्यापासून पीत नाही."

मॅनेजर जिथे होता तिथेच थांबला, कारण रांगेतल्या बाया त्याच्याकडे वळल्या होत्या आणि त्यांच्यातून वाट निघत नव्हती. काकूंनी पातेल्याकडे बघितलं, मग आपल्या घराच्या दाराकडे, जिथे त्यांची सून पोटावर हात ठेवून उभी होती. मग त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि सगळं पाणी दादाच्या पायांवर ओतलं.

दादा हलला नाही. चपला भिजल्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"पुढे बोला," काकू म्हणाल्या. "सगळं बोला. आम्ही कुठे जात नाही."